फिर्यादीची शेळी : काशी परिसरातील शेळीपालन आणि त्याची साहित्यातील साक्ष

भारतेंदु हरिश्चंद्रांचे 'अंधेर नगरी' हे प्रहसन १८८१ साली काशीत लिहिले गेले. दशाश्वमेध भागातील नाट्यमंडळीसाठी ते एका दिवसात लिहून दिले, असे परंपरा सांगते. या प्रहसनाची चर्चा बहुधा चौपट राजा, टक्याला शेर हा बाजारभाव आणि फाशीचा दोर या तीन गोष्टींभोवती फिरत राहिली. ज्या घटनेमुळे दरबाराचा प्रवेश घडतो, तिच्याकडे मात्र अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. एक फिर्यादी राजापुढे येतो. कल्लू वाण्याची भिंत कोसळली आणि तिच्याखाली आपली शेळी दबून मेली, इतकीच त्याची तक्रार असते. भिंतीच्या मालकाला नाव आहे, शेळीच्या मालकाला नाव नाही.

पुढचा प्रवेश सर्वपरिचित आहे. वाणी गवंड्याकडे बोट दाखवतो, गवंडी चुनेवाल्याकडे, चुनेवाला भिश्त्याकडे. भिश्ती म्हणतो की खाटकाने मशक फार मोठी करून दिली, म्हणून चुन्यात पाणी जास्त पडले. खाटीक गडेरियाला, म्हणजे मेंढपाळाला, जबाबदार धरतो, कारण त्याने फारच मोठी मेंढी विकली. गडेरिया कोतवालाच्या स्वारीवर ठपका ठेवतो. दरबारात 'बकरी' हा साधा शब्दही राजाच्या तोंडी धड उमटत नाही. प्रत्येक वेळी त्याचे काहीतरी वेगळेच होते आणि प्रेक्षक हसतात. या हशात एक गोष्ट निसटते. साखळी जसजशी लांबत जाते तसतसा फिर्यादी रंगमंचावरून पुसला जातो. शेळीची किंमत किती, ती दुभती होती की गाभण, तिच्यामागे करडे होती काय, याची विचारणा कोणीही करीत नाही. शेवटच्या प्रवेशात शेळीचा उल्लेख पुन्हा येतो, पण केवळ गुन्ह्याचे नाव म्हणून : शेळी मेली आहे, तेव्हा कोणाला तरी फाशी व्हायलाच हवी. भरपाई कोणालाही मिळत नाही.

हा फिर्यादी कोण असावा, हा प्रश्न वरकरणी अनावश्यक वाटेल. प्रहसनातील पात्राला पूर्वचरित्र नसते, हे खरेच. तथापि, ज्या प्रेक्षकांसमोर हा प्रयोग झाला त्यांना शेळीचा मालक म्हटल्यावर कोणत्या थरातील माणूस दिसत असेल, याचा अंदाज बांधता येतो. आणि त्यासाठी शेळी ही काशीच्या घराघरांत, गल्लीबोळांत आणि भोवतालच्या खेड्यांत काय होती, हे पाहावे लागते.

प्रथम शब्दांकडे वळू. काशीच्या परिसरातील भोजपुरी बोलींत शेळीला 'छेरी' म्हणतात. संस्कृत 'छगल', 'छागी' या शब्दकुळातून प्राकृत 'छेली'च्या वाटेने एकीकडे 'छेरी' आणि दुसरीकडे मराठीतील 'शेळी' हे रूप आले. म्हणजे मराठी भाषकाच्या आणि भोजपुरी भाषकाच्या दावणीला बांधलेले जनावर शब्दानेही एकाच घरचे आहे. अद्याप न व्यालेल्या तरुण मादीला मराठीत 'पाट' म्हणतात, तिकडे 'पाठी' किंवा 'पठिया'. खच्ची केलेल्या बोकडाला तिकडे 'खस्सी' म्हणतात. मराठी 'खच्ची' आणि हा शब्द यांचे नाते सांगायला कोशाची गरज नाही. वयाप्रमाणे, लिंगाप्रमाणे आणि उपयोगाप्रमाणे वेगळी नावे जिथे टिकून राहतात, तिथे ते जनावर केवळ पाळलेले नसते, हिशेबात धरलेले असते. 'अजागळ' या मराठी विशेषणाची कथा तर सुपरिचित आहे. शेळीच्या गळ्याला लोंबणाऱ्या निरुपयोगी लोळ्यांवरून संस्कृतात अजागलस्तनन्याय आला आणि त्यातून मराठीला गबाळ्या माणसासाठी शब्द मिळाला. शेळीच्या देहातील जो एकमेव भाग खरोखर कशाच्याच उपयोगी नाही, नेमका तोच भाषेने विशेषणासाठी निवडावा, हा शेळीवरील अन्यायच म्हणायचा.

कारण बाकीचे सारे उपयोगी आहे. अल्पभूधारक कुटुंबात शेळी एका कामासाठी पाळली जात नाही. तिचे दूध थोडे असते, परंतु ते घरातील मुलासाठी, आजाऱ्यासाठी हवे त्या वेळी काढता येते. गाभणकाळ सुमारे पाच महिन्यांचा. जुळी करडे सर्रास होतात. नीट निगा राखली तर दोन वर्षांत तीन वेते मिळतात. मादी करडू कळपात राहते, नर वाढवून विकला जातो. लेंडीखत शेणखताहून सकस मानले जाते आणि भाजीपाल्याच्या लहान वाफ्याला ते पुरते. गाय किंवा म्हैस विकणे हा कुटुंबाच्या आयुष्यातील मोठा प्रसंग असतो. बोकड विकणे हे औषधाला, बियाण्याला, लग्नाच्या आहेराला किंवा सावकाराच्या तगाद्याला दिलेले तातडीचे उत्तर असते. शेतकी पत्रकांतून शेळीला 'गरिबाची गाय' म्हणतात. ते विशेषण अपुरे आहे, कारण गाईला अडीनडीच्या वेळी मोडता येत नाही.

पूर्व उत्तर प्रदेशात शेळी नसलेल्या माणसालाही शेळी पाळता येते, ती 'अधिया'च्या रीतीने. ज्याच्याजवळ थोडे पैसे आहेत तो पाट विकत घेतो आणि ज्याच्याजवळ फक्त हात आहेत त्याच्या हवाली करतो. करडे दोघांत निम्मी वाटली जातात. महाराष्ट्रात हीच रीत 'अर्धली' या नावाने परिचित आहे. हा करार कागदावर नसतो. शेळी मेली, लांडग्याने नेली किंवा भिंतीखाली सापडली तर नुकसान कोणाचे, हा त्यातील सर्वांत नाजूक भाग; कारण राखणाऱ्याच्या शब्दावर मालकाचा विश्वास बसेलच असे नाही. 'अंधेर नगरी'तील फिर्यादी असा अधियावाला असेल, असे सिद्ध करण्यास संहितेत आधार नाही. मात्र तसा तो असता, तर त्याचे दरबारात धावत जाणे अधिकच समजण्याजोगे ठरले असते.

नगरातील शेळीचे चित्र थोडे निराळे आहे. मदनपुरा, अलईपुरा यांसारख्या विणकर वस्त्यांत घराच्या पुढच्या खोलीत माग आणि ओसरीच्या कोपऱ्यात शेळी, ही जोडी जुनी आहे. विणकराचे काम बसून करण्याचे. म्हैस राखायला त्याला ना जागा ना सवड. उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात आग्रा, मथुरा, एटा या पट्ट्यात आढळणारी 'बरबरी' ही ठेंगणी, उभ्या कानांची, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपक्यांची जात अशा बांधून पाळण्याला सोयीची म्हणून प्रसिद्ध आहे. तिचे नाव सोमालियाच्या किनाऱ्यावरील बर्बेरा बंदराशी जोडले जाते. इटावा भागातील उंचनिंच 'जमनापारी'ला मात्र यमुनाकाठचा मोकळा, झुडपी प्रदेश मानवतो. काशीच्या गल्ल्यांत दिसणाऱ्या बहुतेक शेळ्यांना अशी कुलीन नावे नाहीत. पुस त्या हिवाळ्यात जुने स्वेटर आणि गोणपाट पांघरून घाटाच्या पायऱ्यांवर उन्हाला बसतात आणि पूजेनंतर टाकलेल्या झेंडूच्या माळा खातात. निर्माल्याचा इतका काटकसरी विनियोग दुसऱ्या कोणी क्वचितच केला असेल.

शेळीच्या मरणोत्तर उपयोगाचे दर्शन 'अंधेर नगरी'च्या साखळीतच घडते. गडेरिया जनावर वाढवतो, खाटीक मांस विकतो, कातड्याची मशक होते, मशकीतील पाण्याने चुना कालवला जातो, चुन्याने भिंत उभी राहते, आणि ती भिंत पुन्हा एका शेळीवर पडते. भारतेंदूंनी ही साखळी हास्यासाठी रचली, परंतु नकळत त्यांनी एका नगराची अर्थव्यवस्था उलट्या क्रमाने मांडून दाखवली आहे. तीत आणखी एक दुवा जोडता येण्यासारखा होता. तबल्याची पुडी शेळीच्या कातड्याची असते. पंडित रामसहाय यांच्यापासून जे बनारस घराणे सुरू झाले, त्याचा सारा नाद अखेर एखाद्या अनाम छेरीच्या कातड्यावर उमटला आहे. घराण्याच्या वंशावळीत कातडे कमावणाऱ्याचे नाव येत नाही, तसेच हे.

या प्राण्याविषयीचा धार्मिक दृष्टिकोन दुहेरी राहिला. 'अंधेर नगरी'च्या आठ वर्षे आधी, १८७३ साली, भारतेंदूंनी 'वैदिकी हिंसा हिंसा न भवति' लिहिले होते. त्यात बळीच्या निमित्ताने मांसाची हौस भागवणाऱ्या राजा-पुरोहितांना अखेरीस यमाच्या दरबारात उभे केले आहे. काशीतील दुर्गाकुंडाच्या मंदिरात बोकड बळी देण्याची प्रथा होती. महाराष्ट्रात तुळजापुरी नवरात्रातील अजाबळी परिचयाचा आहे. कबीराच्या नावावर चालणाऱ्या एका प्रसिद्ध दोह्यात पाला खाणाऱ्या शेळीची ही गत, मग शेळी खाणाऱ्याची काय होईल, असा सवाल आहे. या सर्व ठिकाणी शेळी वध्य म्हणून किंवा करुणेचा विषय म्हणून येते. तिला मालक आहे, तिच्या मरणाने कोणाचे तरी चूल-पाणी अडते, ही बाजू नाही. दरबारातील फिर्यादी ती बाजू प्रथम मांडतो. गाईच्या मरणाला प्रायश्चित्त आहे, शेळीच्या मरणाला नाही. तिला पावित्र्य नाही, फक्त किंमत आहे. आणि ज्याला फक्त किंमत आहे त्याच्याच बाबतीत निव्वळ न्यायाची मागणी करता येते. त्या मागणीचे जे होते ते भारतेंदूंनी दाखवले आहे.

त्या काळच्या कायद्यात शेळीवाला फिर्यादी म्हणून क्वचित, आणि आरोपी म्हणून वारंवार भेटतो. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणविषयक कायद्याने 'गुरे' या संज्ञेत शेळ्या आणि करडेही धरली. दुसऱ्याच्या पिकात शिरलेले जनावर कोंडवाड्यात जाई आणि दंड भरल्याखेरीज सुटत नसे. हिंदी प्रदेशात याला 'कांजी हाऊस' म्हणत. मराठीत 'कोंडवाडा' हा शब्द इतका खोल रुजला की १९७४ साली दया पवारांनी तो आपल्या कवितासंग्रहाला दिला तेव्हा त्याचा अर्थ कोणाला सांगावा लागला नाही. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलांच्या सीमा कडक केल्या. महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली पूर्ण झाला, म्हणजे 'अंधेर नगरी'नंतर अवघ्या दोन वर्षांनी. त्यात लहान शेतकरी पूर्वी रानातील फळेपाने गोळा करून आणि गायरानावर एखाद-दुसरी गाय, दोन-चार शेळ्या चारून कसा तग धरून होता, आणि जंगलखात्याने डोंगर, दऱ्या, पडीक जमिनी व गायराने ताब्यात घेतल्यावर त्याची कशी कोंडी झाली, याचे वर्णन आहे.

भारतेंदु आणि फुले यांना एकमेकांशेजारी ठेवण्याची पद्धत आपल्याकडे नाही. एक काशीच्या धनिक वैश्य घराण्यातील, वैष्णव. दुसरा पुण्यातील शूद्रातिशूद्रांचा कैवारी. त्यांच्या भूमिकांतील अंतर बुजवण्याचे कारणही नाही. परंतु दोघांच्या लेखनात एकाच दशकाच्या प्रारंभी शेळीचा मालक राज्यव्यवस्थेपुढे उभा राहतो, हा योगायोग तुलनाकाराने दुर्लक्षू नये असा आहे. भारतेंदूंचा फिर्यादी एक शेळी गमावतो आणि हास्यात हरवतो. फुल्यांच्या शेतकऱ्याची शेळी मरत नाही. तिची चरण्याची जागा जाते. पहिले नुकसान एका क्षणात डोळ्यांसमोर घडते, म्हणून त्याचे नाट्य होऊ शकते. दुसरे वर्षानुवर्षे, कागदोपत्री आणि आदेशांमधून घडते. त्याला नाट्य पुरे पडत नाही, निबंध लिहावा लागतो. फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक १८५५ सालीच लिहिले होते, पण या विषयासाठी त्यांनी गद्य निवडले, हे सूचक आहे.

शेळी रान खाऊन टाकते, हा आरोप वनखात्याच्या लेखनात पुढे शंभर वर्षे टिकला. १९८७ साली सी. एच. हनुमंतराव यांच्या अध्यक्षतेखालील केंद्रीय कृतिदलाने हा प्रश्न तपासला आणि पर्यावरणाच्या ऱ्हासाचे खापर शेळीवर फोडण्यास पुरेसा आधार नसल्याचा निर्वाळा दिला. भिंत, चुना, मशक, मेंढी या साखळीचीच ती सरकारी आवृत्ती होती, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. निर्वाळ्यानंतरही आरोप चालू राहिला.

काशीपासून जवळच असलेल्या लमही गावी १८८० साली प्रेमचंदांचा जन्म झाला. त्यांच्या उर्दू कथांपैकी एकीचे शीर्षक 'ग़म नदारी बुज़ बख़र' असे आहे. ही मूळची फारसी म्हण : दुःख नसेल तर शेळी विकत घे. हिंदीत हीच कथा 'कोई दुख न हो तो बकरी खरीद ला' या नावाने वाचली जाते. दुधातील पाण्याला कंटाळलेला नोकरदार नायक खात्रीच्या दुधासाठी शेळी घेतो. शेळी दुसऱ्यांच्या हिरव्यात तोंड घालते, तक्रारी येतात, आणि हळूहळू शेळी राखण्याचे काम साहेबांच्याच गळ्यात पडते. इराणी पठारावरील पशुपालकांची म्हण उत्तर हिंदुस्थानातील मध्यमवर्गीय घरात आली, की तिचा अर्थ असा बदलतो. पशुपालकाच्या तोंडी ती स्वतःच्या धंद्यावरची कडवट थट्टा असते. बाबूच्या तोंडी ती वर्गाच्या सीमारेषेवरची थट्टा होते, कारण शेळीमागे काठी घेऊन चालताना कोणी ओळखीचे दिसू नये, ही चिंता खऱ्या शेळीवाल्याला कधीच नसते.

याच लेखकाच्या 'गोदान'मधील (१९३६) होरीला शेळी नको असते. त्याला दारात गाय हवी असते. गाय ही प्रतिष्ठा, आणि तिच्यापायीच तो बुडतो : कर्ज, भावाचे विष, पोलीस, पंचायत. होरीने दोन शेळ्या घेतल्या असत्या तर कादंबरी घडली नसती, असे गमतीने म्हणता येईल. पण गमतीच्या आड प्रश्न खरा आहे. शेतकऱ्याच्या शोकांतिकेला भारतीय कादंबरीने गाय किंवा बैल दिला आणि शेळी प्रहसनाकडे सोपवली. असे का व्हावे? प्रतिष्ठेच्या उतरंडीत जे जनावर खाली, त्याच्या मालकाचे दुःखही वाङ्मयप्रकारांच्या उतरंडीत खाली जाते, असे एक उत्तर संभवते.

या उतरंडीला एकट्या निरालांनी छेद दिला. त्यांचे 'बिल्लेसुर बकरिहा' हे छोटेखानी कथानक १९४० च्या दशकारंभीचे आहे. त्याचा प्रदेश काशीचा नव्हे, तिच्या पश्चिमेला असलेल्या अवधमधील बैसवाड्याचा. पण शेतीची जात तीच, जातींची शेतीही तीच. बिल्लेसुर हा गरीब ब्राह्मण. बंगालात नोकरी, गुरुमंत्र आणि तीर्थयात्रा यांपैकी कशानेही दारिद्र्य हटत नाही, असे पाहून तो गावी परततो आणि शेळ्या पाळतो. ब्राह्मणाने शेळ्या पाळाव्यात यावर गाव हसते आणि 'बकरिहा' हे नाव त्याला चिकटते. त्याचा हिशेब चोख असतो. दुधाचा खवा करून तो विकतो, पुढे रताळ्यांची लागवड करतो, आणि दाताखाली पैसा धरून एकेक पायरी चढतो. गावातील लोक कर्ज, वाटणी आणि मानपान यांच्या गोष्टी बोलतात. बिल्लेसुर पाल्याच्या गोष्टी बोलतो.

कथानकातील सर्वांत चर्चिला गेलेला प्रसंग शेळ्यांच्या राखणीचाच आहे. बिल्लेसुर आपला कळप महावीराच्या हवाली करून जातो. परतल्यावर एक जनावर गेलेले कळते. तो देवळात जातो, महावीराला जाब विचारतो आणि हातातील दांडा मूर्तीच्या तोंडावर हाणतो. समीक्षकांनी या प्रसंगात रूढिभंजन पाहिले, आणि ते चूक नाही. पण शेळीपालनाच्या बाजूने पाहिले तर तो अधियाच्या करारातील तंटाच आहे. राखणाऱ्याला जनावर सोपवले होते, राखणाऱ्याने ते राखले नाही, तेव्हा राखणाऱ्याला शिक्षा. साठ वर्षांपूर्वी काशीच्या रंगमंचावर जो निनावी फिर्यादी राजाकडे न्याय मागायला गेला होता, तो येथे नाव धारण करून आला आहे आणि न्याय स्वतःच करून मोकळा होतो. आश्चर्य असे की यानंतर कथानकात शोक नाही. बिल्लेसुर घरी जातो, उरलेल्या शेळ्या बांधतो आणि कामाला लागतो.

मराठी साहित्यात बिल्लेसुरच्या बरोबरीने ठेवता येईल असा शेळीवाला सापडणे कठीण आहे. मेंढीला व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) लाभली. तीत धनगरांच्या कळपाबरोबर अख्खे गाव उठून जाते. शेळी म्हणींत अडकून राहिली. ती जिवानिशी जाते आणि खाणारा वातड म्हणतो; तिचे शेपूट ना लाज राखते ना माश्या हाकते; उंटावरचा माणूस तिला हाकायला निघतो. यांपैकी एकाही म्हणीत शेळीचा मालक बोलत नाही. बोलतो तो खाणारा, पाहणारा किंवा उंटावरचा. वास्तविक उस्मानाबादी आणि संगमनेरी या दोन नामांकित जाती महाराष्ट्राच्याच, आणि दोन्ही दूध व मांस अशा दुहेरी उपयोगासाठी प्रसिद्ध. कोकण कन्याळ आणि बेरारी यांची नोंदणी नंतरची. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १४ कोटी ८८ लाख शेळ्या मोजल्या गेल्या, त्यांपैकी उत्तर प्रदेशात सुमारे १ कोटी ४५ लाख आणि महाराष्ट्रात १ कोटी ६ लाखांच्या आसपास. त्यांच्यामागे काठी घेऊन चालणाऱ्यांत स्त्रिया आणि मुले मोठ्या संख्येने आहेत, हे कोणत्याही खेड्यात सायंकाळी उभे राहिले तरी दिसते. भारतेंदूंचा फिर्यादी पुरुष, प्रेमचंदांचा बाबू पुरुष, बिल्लेसुरही पुरुष. करडाला छातीशी धरून बाजारातून रिकाम्या हाताने परतायचे नाही असे ठरवणारी बाई मराठी आणि हिंदी आत्मकथनांच्या कडेकडेने, एखाद्या वाक्यापुरती येते आणि जाते. पुढील शोध तिच्यापासून सुरू करावा लागेल, आणि त्यासाठी प्रहसनापेक्षा जात्यावरच्या ओव्यांची संकलने आधी उघडावी लागतील.